गावासमोर बोट नांगरताना: नागपूरहून कोकणात शिडाच्या बोटीवर जाणाऱ्यांसाठी

दिवाळी झाली की नागपुरातून कोकणात शिडाच्या बोटीवर जायची तयारी करणारे लोक भेटू लागतात. कुणी एनसीसीच्या नौदल शाखेत होतं, कुणी तलावावर शिडं हाताळलेली असतात, कुणी गोव्यात कोर्स केलेला असतो. शिडं चढवणं-उतरवणं त्यांना जमतं. अडचण होते ती संध्याकाळी, एखाद्या गावासमोर रात्रभरासाठी नांगर टाकताना. तलावावर सकाळी जेवढं पाणी असतं तेवढंच संध्याकाळी असतं, त्यामुळे नांगर टाकताना दिसलेली खोली हीच रात्रभराची खोली असं मन धरून चालतं. कोकणात मात्र सहा तासांत पाणी चांगलंच चढलेलं किंवा उतरलेलं असतं, आणि पहाटेपर्यंत वाराही उलट्या दिशेने वाहायला लागतो.

पुढचे सगळे आकडे साधारण दहा मीटर लांबीच्या बोटीसाठी आहेत. तिची कील, म्हणजे बोटीच्या तळाचा सर्वात खालचा भाग, पाण्याखाली १.६ मीटर आहे आणि पूर्ण साखळीवर साधारण १५ किलोचा नांगर आहे. तुमच्या बोटीचे आकडे वेगळे असतील, ते घालून गणित पुन्हा करा. हंगाम ऑक्टोबर ते मेचा मध्य. पावसाळ्यात उघड्या किनाऱ्यासमोर नांगर टाकण्याचा विचारच करू नका.

टप्पा १: नागपुरात असतानाच करायच्या गोष्टी

१. तिथी पाहून तारखा ठरवा. कोकणात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोज ती साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तेवढंच खाली उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, पहाटे-सकाळी एकदा आणि दुपारी-संध्याकाळी एकदा. हा अंदाज आहे, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून सहलीचा आराखडा करायला पुरेसा आहे. पहिल्यांदा जात असाल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा.

२. ज्या बंदराजवळ राहणार तिथलं भरती-ओहोटीचं अधिकृत कोष्टक घ्या. त्यात वेळेबरोबर पाण्याची उंचीही मीटरमध्ये दिलेली असते आणि आपल्याला खरी गरज उंचीची आहे. मुंबईजवळ उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. दक्षिणेकडे मालवणला जाताना हा चढ बराच कमी होतो. म्हणून मुंबईचं कोष्टक मालवणला वापरू नका. समुद्राचे नकाशे देहरादूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचे घ्या. मोबाइलमधल्या नकाशावर खाडीच्या तोंडाशी सरकलेले वाळूचे दांडे बरेचदा नसतात.

३. साखळीवर खुणा करायचं सामान बरोबर न्या. लाल, पिवळ्या, निळ्या रंगाचे प्लास्टिकचे केबल टाय कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. बोटीवर पोचल्या दिवशी, जेटीला असतानाच, साखळी डेकवर पसरा आणि दर दहा मीटरला एक रंग बांधा. खुणा नसलेली साखळी किती सोडली हे अंधारात कुणालाच सांगता येत नाही. ‘बरीच सोडली’ हे उत्तर प्रत्येक जण देतो, आणि निम्म्या वेळा ते खोटं ठरतं.

४. नांगर कसा धरतो हे एकदा डोळ्यांनी बघा. यासाठी समुद्र लागत नाही. डिंगीचा, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीचा, चार-पाच किलोचा नांगर, दोन मीटर साखळी आणि पंधरा मीटर दोर घ्या. कळमेश्वरकडे किंवा उमरेड रस्त्याला कुणाच्या शेतात, मालकाला विचारून, नांगरलेल्या ओलसर काळ्या मातीत नांगर ठेवा. आधी तीन मीटरवर उभं राहून दोर कमरेइतका उंच धरून ओढा. नांगराची दांडी उचलली जाते, टोक वर येतं आणि तो ढेकळं फोडत घसरत येतो. मग पंधरा मीटरवर जाऊन त्याच उंचीवरून ओढा. साखळी जमिनीला टेकलेली राहते, दांडी आडवी राहते, टोक मातीत शिरतं, आणि जितकं ओढाल तितकं खोल जातं. दोन माणसं लागली तरी हलत नाही. लांब साखळी कशासाठी सोडायची हे हा प्रयोग केलेल्याला पुन्हा सांगावं लागत नाही. पुढचं सगळं गणित याच एका गोष्टीसाठी आहे: ओढ आडवी राहिली पाहिजे.

५. हाताच्या खुणा ठरवा. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, एक जण आणि सुकाणूवर दुसरा. मधे इंजिनाचा आवाज आणि वारा. पुढे, मागे, थांब, साखळी सोडतोय, साखळी अडवली, अशा पाच खुणा घरीच पाठ करा. ओरडून काम होत नाही, उलट गोंधळ वाढतो.

टप्पा २: नकाशावर जागा शोधणे

हिवाळा-उन्हाळ्यात कोकणात दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा वाढतो, सूर्यास्तानंतर पडतो, आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो. लाटाही बहुधा वायव्येकडून, पश्चिमेकडून. म्हणून उत्तरेला किंवा वायव्येला डोंगराची सोंड असलेली जागा शोधा. जयगडच्या किंवा विजयदुर्गच्या खाडीत आत शिरलं की आडोसा मिळतो. जयगडला मोठ्या जहाजांची ये-जा असते, त्यांची वाट सोडून राहावं लागतं.

गणपतीपुळे, गुहागर यांच्या पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, पश्चिमेला सताड उघड्या आहेत. दिवसा दोन तास थांबायला ठीक, रात्रीला नाही. गणपतीपुळ्याला दर्शनाला जायचं असेल तर बोट जयगडच्या खाडीत नांगरा आणि रस्त्याने जा. गावाच्या अगदी समोर बोट दिसली पाहिजे हा हट्ट सोडल्याने निम्मे त्रास टळतात.

नकाशावर खोलीच्या आकड्यांजवळ तळाची अक्षरं असतात. एम म्हणजे चिखल, एस म्हणजे रेती, आर म्हणजे खडक, सीओ म्हणजे पोवळं. रेती आणि घट्ट चिखल चांगले. खडकात नांगर अडकतो किंवा अजिबात धरत नाही. पोवळ्यावर नांगर टाकायचाच नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. साखळी रात्रभर गोल फिरते तेव्हा तिच्याखालचं सगळं खरवडून निघतं, आणि पोवळं पुन्हा वाढायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. मालवणला जायचं तर कुठे नांगरायचं हे बंदर कार्यालयात आधी विचारा. तिथल्या वाटेवर खडक आहेत, त्यामुळे अंधारात शिरू नका.

सावध: ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असताना आणि समोरून लाट येत असताना खाडीच्या तोंडातून आत जाऊ नका. वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. भरतीची वाट बघा.

तपासा: पोचल्यावर हातात किमान दोन तासांचा उजेड उरेल का? नसेल तर त्या दिवशी अलीकडचीच जागा धरा.

टप्पा ३: नांगर टाकण्याआधी गावाला विचारणे

हा टप्पा लोक सर्रास गाळतात. समोर पाणी मोकळं दिसतं, पण ते मोकळं नसतं.

सिंधुदुर्गाच्या पुळणींवर रापण लागते. होडीतून जाळं अर्धगोलात टाकतात, दोन्ही टोकं किनाऱ्यावर असतात आणि गावातली माणसं ती दोन्हीकडून ओढतात. त्या अर्धगोलात तुमची बोट उभी असेल तर त्या दिवसाची रापण गेली, आणि त्यावर बऱ्याच घरांचं पोट असतं. रायगडकडे खाडीच्या तोंडाशी डोल जाळी लावलेली असतात. इतरत्र टाकलेल्या जाळ्यांच्या वर थर्मोकोलचे तुकडे, प्लास्टिकचे कॅन किंवा बांबूला लावलेली फडकी तरंगतात. एक कॅन दिसला की ओळीतला पुढचा शोधा. दोन कॅनच्या मधून कधीही बोट नेऊ नका.

वेग कमी करून येणाऱ्या-जाणाऱ्या होडीजवळ जा आणि सरळ विचारा: “दादा, आज रात्री इथं नांगरून राहायचं म्हणतोय. तुमच्या वाटेत येतो का?” कुणी म्हणेल, “जरा बाहेरच्या अंगाला घ्या, पहाटे आमच्या होड्या इथनंच निघतात.” ही माहिती कुठल्याही नकाशावर नसते. आणखी तीन गोष्टी विचारा: तळाला काय आहे, पाण्याखाली बुडालेली होडी किंवा जुना खांब आहे का, आणि रापण कुठे नि कधी लागते.

पर्यटकांच्या गावांत पॅरासेलिंगच्या स्पीडबोटी, जेट स्की, बनाना राइड सूर्यास्तापर्यंत फिरत असतात. त्यांच्या फेऱ्यांची वाट आणि पोहणाऱ्यांची जागा सोडून, पुळणीपासून किमान दोनशे मीटर बाहेर राहा. जेटीसमोरची आणि फेरीबोटीची वाट तर मोकळी हवीच. मच्छीमारांच्या बोयाला, म्हणजे होडी बांधायच्या तरंगत्या खुणेला, बोट बांधू नका. तो रिकामा दिसला तरी त्याचा मालक रात्री परत येतो, आणि तुमच्या बोटीचं वजन त्याला झेपेल याची काही खात्री नसते.

बोटीची कागदपत्रं आणि सगळ्यांची ओळखपत्रं हाताशी ठेवा. सागरी पोलीस विचारतात, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. आपण होऊन आधी सांगितलं तर सगळ्यांचंच काम सोपं होतं.

टप्पा ४: कागदावरचं गणित

हा या लेखाचा गाभा आहे. कागद-पेन्सिल घ्या, तोंडी करू नका.

समजा पौर्णिमेच्या संध्याकाळी सहा वाजता तुम्ही पोचलात. तिथीच्या हिशेबाने भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे आत्ता जवळपास पूर्ण ओहोटी आहे. कोष्टक सांगतं: आत्ताची उंची ०.६ मीटर, मध्यरात्री २.४ मीटर, सकाळच्या ओहोटीला ०.५ मीटर. खोली मोजायचं यंत्र आत्ता ४.२ मीटर दाखवतंय.

१. नकाशाची मूळ खोली, म्हणजे कोष्टकातली उंची शून्य असताना उरणारी खोली: ४.२ वजा ०.६, म्हणजे ३.६ मीटर.

२. रात्रीची सर्वात जास्त खोली: ३.६ अधिक २.४, म्हणजे ६.० मीटर.

३. सर्वात कमी खोली: ३.६ अधिक ०.५, म्हणजे ४.१ मीटर.

४. नाळेवरची साखळीची कप्पी पाण्यापासून १.२ मीटर उंच आहे. ओढ तिथून सुरू होते, म्हणून ती सर्वात जास्त खोलीत मिळवा: ७.२ मीटर.

५. पूर्ण साखळी असेल आणि हवा शांत असेल तर याच्या पाचपट: ३६ मीटर. वारा वाढण्याची शक्यता असेल तर सातपट, म्हणजे ५० मीटर. पुढे थोडी साखळी आणि बाकी दोर असेल तर सातपटीपासूनच सुरुवात करा.

आता नेहमीची चूक बघा. समोर ४.२ दिसलं, त्याची पाचपट केली, २१ मीटर साखळी सोडली आणि सगळे जेवायला बसले. मध्यरात्री तेच २१ मीटर ७.२ मीटरच्या उंचीला पुरवायचे असतात. पाचपट म्हणून सोडलेली साखळी तिपटीच्याही खाली आलेली असते, दांडी उचलली जाते, आणि शेतात तीन मीटरवरून ओढताना जे झालं तेच तळाशी होतं. तेही सगळे झोपलेले असताना.

अष्टमीला नेमकं उलटं होतं. संध्याकाळी सहाला पूर्ण भरती असते. यंत्र ३ मीटर दाखवतं, गाव जवळ दिसतं, सगळे खूश. मध्यरात्रीपर्यंत पाणी मीटरभर उतरलं की २ मीटर उरतात. कील १.६ मीटर, म्हणजे खाली ४० सेंटिमीटर. मीटरभराची लाट आली तरी तिच्या खोलगटात कील तळाला आपटते. साखळीसाठी भरतीचा आकडा धरायचा आणि कीलसाठी ओहोटीचा, हे दोन्ही कागदावर लिहिल्याशिवाय नांगराला हात लावू नका. कीलखाली ओहोटीलाही एक मीटर पाणी उरलं पाहिजे, लाट असेल तर जास्त.

तपासा: तुमचं यंत्र खोली कुठून मोजतं? काही पाण्याच्या पृष्ठभागापासून दाखवतात, काही यंत्र बसवलेल्या जागेपासून, काही कीलच्या तळापासून. जेटीला असतानाच दोराला वजन बांधून खोली मोजा आणि यंत्राशी ताडून बघा. दीड मीटरचा घोळ इथेच सापडतो.

आता वर्तुळ. ३६ मीटर साखळी आणि दहा मीटर बोट, म्हणजे नांगराभोवती ४६ मीटर त्रिज्येचं वर्तुळ. संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यात बोट नांगराच्या गावाकडच्या बाजूला असते. पहाटेच्या मतलईत ती नांगराच्या समुद्राकडच्या बाजूला जाते. संध्याकाळी जिथे होतात तिथून सत्तर-ऐंशी मीटरवर तुम्ही जागे होता, आणि यात नांगर इंचभरही सरकलेला नसतो. त्या सगळ्या वर्तुळात खोली पुरली पाहिजे आणि दुसरी बोट असता कामा नये. शेजारच्या मच्छीमार होड्या आखूड दोरावर असतात. त्या जागच्या जागी वळतात आणि तुम्ही लांब फिरता. त्या वळतात तेवढंच आपणही वळू असं समजू नका.

टप्पा ५: नांगर टाकणे

१. ठरवलेल्या जागेभोवती इंजिनवर हळू एक फेरी मारा आणि खोली वाचत राहा. कुठे अचानक उथळ लागलं तर जागा बदला.

२. नांगराचा शॅकल, म्हणजे त्याला साखळीशी जोडणारी कडी, तारेने बांधलेला आहे का बघा. साखळीचं आतलं टोक बोटीला दोराने बांधलेलं हवं. शॅकलने नाही, कारण संकटात ते सुरीने कापता आलं पाहिजे.

३. शिडं उतरवून बांधून ठेवा. अर्धवट उतरलेलं शीड वाऱ्यात भरलं की बोट हवी तशी राहत नाही.

४. नाळ वाऱ्याकडे करून हळू या. खाडीत वाऱ्यापेक्षा प्रवाह जोरात असेल तर नाळ प्रवाहाकडे ठेवा. आधीपासून नांगरलेल्या बोटी कुठे तोंड करून आहेत ते बघा, तुमचंही तोंड तिकडेच राहणार आहे.

५. बोट पूर्ण थांबू द्या. मगच नांगर सोडा, आणि तो फेकू नका. हळूहळू तळाला टेकेपर्यंत सोडा. फेकलेल्या नांगरावर साखळीचा ढीग पडतो आणि टोक त्याच्यातच अडकतं.

६. बोट मागे सरकू लागली की तेवढ्याच वेगाने साखळी सोडा. ती तळावर सरळ रेषेत पडली पाहिजे. वारा नसेल तर इंजिन अगदी हलकं रिव्हर्समध्ये घाला.

सावध: सुटणाऱ्या साखळीजवळ पाय, बोटं, ओढणी, सैल दोर नको. आठ मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण दीड किलो भरते आणि एकदा वेग घेतला की हाताने थांबत नाही.

टप्पा ६: नांगर रुतवणे आणि खात्री करणे

नांगर टाकला म्हणजे बोट नांगरली असं नाही. बहुतेकांचं काम पाचव्या टप्प्यालाच संपतं, आणि रात्रीचे जवळजवळ सगळे प्रसंग इथूनच सुरू होतात.

१. गणितातल्या निम्म्या लांबीवर साखळी अडवा आणि बोटीला हलका झटका बसू द्या. नाळ नांगराच्या दिशेने वळली तर टोक तळात शिरायला लागलं आहे.

२. उरलेली साखळी सोडून पूर्ण लांबीवर अडवा. ओढ विंडलासवर, म्हणजे साखळी ओढायच्या यंत्रावर, ठेवू नका. साखळीला आठ-दहा मीटरचा नायलॉनचा दोर, म्हणजे स्नबर, हुकाने अडकवा आणि तो नाळेवरच्या क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, बांधा. दोर ताणून घेतो, झटके बोटीपर्यंत पोचत नाहीत आणि रात्री साखळीचा खडखडाट होत नाही.

३. मऊ चिखल असेल तर दहा-पंधरा मिनिटं थांबा, नांगराला स्वतःच्या वजनाने खाली जाऊ द्या. रेतीत थांबायची गरज नाही.

४. इंजिन रिव्हर्समध्ये, आधी सर्वात कमी गतीवर. साखळी ताणली की हळूहळू गती निम्म्यापर्यंत न्या आणि अर्धा ते एक मिनिट तशीच ठेवा. एकदम जोर लावला तर अर्धवट रुतलेला नांगर उपटून येतो.

५. त्याच वेळी बोटीच्या बाजूला, साखळीशी काटकोनात, किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत बघा. पुढे देवळाचा कळस, मागे डोंगरावरचा मोबाइलचा मनोरा. त्या एकमेकांवर स्थिर राहिल्या तर बोट जागेवर आहे. कळस मनोऱ्यापासून सरकत राहिला तर तुम्ही मागे जाताय.

६. नाळेवरच्या माणसाने ताणलेल्या साखळीवर, कप्पीच्या पुढे, तळहात ठेवावा. रुतलेल्या नांगराची साखळी नुसती ताठ लागते. घसरणाऱ्या नांगराची साखळी थरथरते, मधेच सैल पडते, परत झटका देते. एकदा हे हाताला कळलं की यंत्राआधी हातच सांगतो.

खुणा सरकल्या किंवा साखळी थरथरली तर नांगर उचला आणि पुन्हा टाका. ‘थोडा सरकला, मग धरला’ यावर समाधान मानू नका. दुसऱ्यांदाही धरला नाही तर तळ चांगला नाही, जागा बदला. उजेड असतानाच हे करायचं म्हणून ते दोन तास हातात ठेवलेले असतात.

टप्पा ७: रात्रीची व्यवस्था

दिवसा नाळेच्या बाजूला काळा गोळा आणि अंधार पडला की चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, हे सागरी नियमच आहेत. डोलकाठीच्या टोकावरचा दिवा कायदेशीर असतो, पण लहान होडीतल्या माणसाची नजर तेवढ्या वर जात नाही. डेकपासून दोन मीटरवर आणखी एक पांढरा दिवा टांगा. पहाटे अंधारात निघणाऱ्या होड्यांना तोच दिसतो.

मोबाइलवरचा नांगराचा अलार्म नांगर टाकला त्या जागेवरून लावा, बोट आत्ता उभी आहे तिथून नको. त्रिज्या ४६ मीटर आली असेल तर जीपीएसच्या चुकीसाठी थोडी वाढवून साठ ठेवा. फोन चार्जिंगला लावून, आवाज पूर्ण करून, झोपायच्या जागी ठेवा.

रात्री दोन वेळा उठायचं हे आधीच ठरवा: भरती पूर्ण होईल तेव्हा, आणि पहाटे वारा फिरेल तेव्हा. खाडीत असाल तर प्रवाह पहिल्यांदा उलटेल तेव्हाही. बोट नांगरावरून पलीकडे जाते आणि ओढीची दिशा उलटते, त्या वेळी नांगर सुटून नव्याने रुततो किंवा रुतत नाही. दहा मिनिटं नाळेवर बसा, साखळीला हात लावा, किनाऱ्यावरचे दिवे बघा. दिवसाच्या खुणा रात्री दिसत नाहीत, म्हणून झोपण्याआधी दोन दिवे हेरून ठेवा. हॉटेलची रोषणाई निवडू नका, ती रात्री बंद होते.

नांगर घसरलाच तर

आधी इंजिन सुरू करा. मग, मागे जागा असेल तर आणखी दहा-पंधरा मीटर साखळी सोडा. बऱ्याचदा एवढ्याने तो पुन्हा धरतो. मागे खडक, जाळी किंवा दुसरी बोट असेल तर साखळी न वाढवता इंजिनवर पुढे जात नांगर उचला आणि खोल पाण्यात नव्याने टाका. इंजिन सुरू करताना पाण्यात दोर लोंबत नाही ना ते बघा, पंख्यात दोर गेला की हा पर्यायही गेला. आवाक्याबाहेर गेलं तर व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६, आणि मोबाइलवरून तटरक्षक दलाचा १५५४. किनाऱ्यावर लागायची वाट बघून मग फोन करू नका.

टप्पा ८: डिंगीने गावात जाणे

नांगर रुतवल्यानंतर किमान तासभर कुणीही बोट सोडू नये. त्यानंतरही, वारा जोरात असेल तर बोट चालवता येणारा एक जण मागे राहील.

लाइफ जॅकेट घालून उतरा, जेवणाला जायचं असलं तरी. पुळणीवर लाट फुटत असेल तर जेटीला जा. डिंगी भरतीच्या ओल्या रेषेच्या वर ओढा आणि तिचा नांगर वाळूत पुरा. इथेही तलावाची सवय नडते. दोन तासांनी परत येईपर्यंत पाणी डिंगी घेऊन गेलेलं असतं, किंवा शंभर मीटर मागे गेलेलं असतं आणि ती डिंगी चिखलातून ओढत न्यावी लागते. परतीची वेळ कोष्टक बघून ठरवा.

कचरा बोटीवरच ठेवा आणि मोठ्या बंदरात उतरवा. गावात कचरा उचलायची सोय तुटपुंजी असते, आणि तुम्ही ठेवलेली पिशवी पुढच्या उधाणात पुळणीवर पसरते. शौचालयाची टाकी गावासमोर सोडू नका, तिथे पोरं पोहतात. पाण्यावरून आवाज लांब जातो, म्हणून रात्री डेकवर गाणी नकोत. पहाटे समुद्रावर जाणारी माणसं लवकर झोपलेली असतात.

टप्पा ९: नांगर उचलणे

१. आधी इंजिन, मग स्नबर सोडा. सगळ्या बोटीवर नजर फिरवा: डिंगी बांधली का, दोर आत आहेत का, रापणीची होडी निघाली आहे का.

२. नाळेवरचा माणूस हाताने साखळीची दिशा दाखवेल, सुकाणूवरचा त्या दिशेने हळू पुढे जाईल. सैल पडलेलीच साखळी विंडलासने घ्या. विंडलासने बोट ओढू नका, त्याची मोटर त्यासाठी नसते.

३. साखळी सरळ उभी झाली की अडवा. बोट लाटेवर वर उचलली जाते तेव्हा तीच नांगर सोडवते. घट्ट चिखलात दोन-चार लाटा थांबावं लागतं.

४. तरीही सुटला नाही तर साखळी अडवून ठेवून इंजिनवर नांगराच्या पुढे जा आणि टाकताना ओढ होती त्याच्या उलट दिशेने ओढा. नांगर खडकात अडकेल अशी शंका असेल तर टाकतानाच त्याच्या डोक्याला एक बारीक दोर आणि छोटा बोया बांधून ठेवा, तो दोर ओढला की नांगर उलट्या बाजूने निघतो.

५. नांगर पाण्याच्या वर आला की सुकाणूवाल्याला खूण करा. ती मिळेपर्यंत बोटीने वेग घ्यायचा नाही, झुलता नांगर नाळेला भोक पाडतो.

६. चिखल तिथेच बादलीभर पाण्याने धुवा. खाडीतला काळा चिखल साखळीच्या कोठीत वाळला की चार दिवस वास जात नाही, आणि रंगीत खुणाही दिसेनाशा होतात. टोकावर काय लागून आलंय ते बघा आणि वहीत लिहा: जागा, तळ, किती साखळी, किती वाजता वारा फिरला. जाळ्याचा तुकडा आला असेल तर पाण्यात टाकू नका, गावात परत द्या.